रिफर्बिश्ड फोन नव्याइतका टिकतो का?

मीना_डोंबिवली: मुलीचं यंदा माटुंग्याला कॉलेज सुरू होतंय. बजेट २० हजार. तेवढ्यात साधा नवा फोन येतो, नाहीतर भारीतला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीटनेटका करून पुन्हा विकायला ठेवलेला. अहो म्हणतात, दुसऱ्याचं उष्टं कशाला? दुकानदार म्हणतो, 'मॅडम, एकदम मक्खन पीस.' दोघांवरही माझा विश्वास नाही. कोणी वापरलाय का?

पार्लेकर: माझा मस्त चाललाय. बॅटरी तेवढी संध्याकाळी बोरिवली येईपर्यंत मान टाकते.

टेबलावरचा_कारागीर: ताई, मी ठाण्यात फोन दुरुस्त करतो, त्यामुळे उघडलेले फोन रोज बघतो. बोर्डाला हात लागला नसेल तर जुना फोन बिनधास्त चालतो. झिजते ती बॅटरी. खरी गोम वेगळीच आहे. स्क्रीन बदलायला फोन उघडला की कडेचं सील फाटतं. नवी चिकटपट्टी लावली तरी कारखान्यातली पकड येईलच असं नाही. म्हणून डब्यावर आयपी ६८ (धूळ-पाणी आत जात नाही याचा दर्जा) लिहिलेला रिफर्बिश्ड फोन जुलैत प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवायचा.

दुकानातच कॉल लावून फोन कानाशी धरा. स्क्रीन काळी झाली नाही तर स्क्रीन बदलताना सेन्सरची वाट लावलीय असं समजा. चार्जरची पिन लावून हलकेच हलवा, चार्जिंग तुटायला नको. आयफोन असेल तर सेटिंग्जच्या 'अबाउट'मध्ये मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघा. एफ म्हणजे कंपनीने रिफर्बिश केलेला, एन म्हणजे बदलून दिलेला, एम म्हणजे नवा विकलेला. 'कंपनी रिफर्बिश्ड' म्हणून एम हातात दिला तर काम गल्लीत झालंय. तेही चांगलं असू शकतं म्हणा, आम्ही काय वाईट करतो? पण भाव त्या हिशेबाने द्या.

अँड्रॉइड घेणार असाल तर अपडेट किती वर्षं उरलेत ते विचारा. सॅमसंगने सात वर्षांचं आश्वासन २०२४ च्या एस २४ पासून दिलं, जुन्यांना तेवढं नाही. मुलगी त्यावर यूपीआय वापरणार ना? मग सुरक्षेचे अपडेट यायलाच हवेत.

वकीलीणबाई_गिरगाव: पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) काढा आणि संचार साथी या सरकारी साइटवर टाका. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' आलं तर तिथून निघाच. तोच नंबर बिलावर लिहून घ्या. माझ्या भाच्याला सहा महिन्यांची वॉरंटी तोंडी मिळाली होती. दुसऱ्या महिन्यात स्पीकर गेला, दुकानदार ओळखही दाखवेना.

मीना_डोंबिवली: कारागीर दादा, खूप आभार. अहोंना वाचून दाखवलं, 'बिल पक्कं असेल तर बघू' इथवर आलेत. रविवारी लॅमिंग्टन रोडला जाऊ म्हणतोय.

टेबलावरचा_कारागीर: रविवारी नको, तिथली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी जा, ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. आणि पहिल्याच दुकानात पाकीट काढू नका.