वासरांची गोळी पेंड पावसाळ्यात कुबट लागतेय, काय करू?

राधानगरी_गोठा: नमस्कार मंडळी. घरी दोन संकरित कालवडी आहेत, एक तीन महिन्यांची, एक तीन आठवड्यांची. मेअखेर काफ स्टार्टरचं, म्हणजे लहान वासरांच्या गोळी पेंडीचं, ५० किलोचं पोतं आणलं. थोरली तेव्हा आवडीनं खायची. आता जुलैत दोघी नुसतं हुंगतात आणि तोंड फिरवतात. गोळ्या बोटात चुरडतात, तळाशी भुगाच जास्त. बुरशी डोळ्यांना दिसत नाही, पोत्यावरची तारीखही संपलेली नाही. पोतं पत्र्याच्या खोलीत कोब्यावर, भिंतीला टेकून आहे. ऊन पडलं की वाळवून घालू का?

शिरोळचा_शेतकरी: उन्हात पसरा, चाळून घ्या आणि म्हशीला घालून संपवा. मोठ्या जनावराला काही होत नाही.

आजरेकर_ताई: दादा, म्हशीला अजिबात नको. कुबट वास म्हणजे बुरशीची सुरुवात, दिसो वा न दिसो. त्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, झालं असेल तर ते उन्हानं जात नाही. दुभत्या जनावरानं खाल्लं की एक-दोन दिवसांतच त्याचा अंश दुधात उतरतो. ते दूध डेअरीलाही जातं आणि त्याच कालवडींना पाजलंही जातं. दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, इतकं ते वाईट. कोंबड्यांना तर मुळीच नको, त्यांना ते फार लवकर बाधतं. जनावरं पोहोचणार नाहीत अशा खड्ड्यात टाका. पोत्याच्या पैशापेक्षा कालवड मोठी आहे.

राधानगरीताई, मला वाटतं खरी अडचण पोत्याच्या आकाराची आहे. गाईंची पेंड आठवड्यात फस्त होते, म्हणून ती बिघडलेली कळतही नाही. तुमच्या दोघी मिळून दिवसाला किलोभरही खात नसतील, म्हणजे उघडं पोतं दोन महिने दमट हवेत राहतं. पोत्यावरची तारीख बंद पोत्याची असते. पेंडीत ओलावा ११ टक्क्यांच्या आत असायला हवा. गोळीत मळी असते, ती हवेतली ओल ओढते. गोळी मऊ पडते, सुटते, भुगा होतो, आणि ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला आयतं रान मिळतं. वासराला भुगा आवडत नाही. नाकात जातो, तोंडात चिकटतो. खाणं कमी झालं की पोटाचा कोठा वाढायचा राहतो, आणि हे वय परत येत नाही. जुन्या पेंडीतली चरबी खवट होते, अ जीवनसत्त्वही घटतं, तेव्हा नुसतं सुकवून गेलेलं परत येत नाही.

आता पत्र्याचं. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडला की आतून घाम धरतो आणि थेंब नेमके वरच्या पोत्यावर पडतात. खालून कोबा ओल देतो, बाजूनं भिंत. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उघडं पोतं घट्ट झाकणाच्या कोरड्या पिंपात ओता. पिंप पूर्ण रिकामं करून, पुसून, वाळवूनच नवं भरा, तळाचा भुगा राहिला तर तोच नव्याला बाधवतो. काढायला कोरडं मापटं, ओला हात नको.

घमेल्यातलंही बघा. लाळेनं भिजलेलं दुसऱ्या दिवशी आंबतं. सकाळी ते काढून घमेलं धुऊन, वाळवून थोडं ताजं घाला. धाकटीला मूठभर पुरे. शेजारी स्वच्छ पाणी हवंच, त्याशिवाय ती पेंड खाणार नाहीत.

राधानगरी_गोठा: ताई, खूप आभार. खड्ड्यातच टाकते. शेजारच्या गोठ्यात दोन रेडकं आहेत, पुढचं पोतं निम्मं-निम्मं वाटून घेऊ का?

आजरेकर_ताई: जरूर घ्या, तेच उत्तम. पोतं महिन्याच्या आत संपेल असं बघा आणि पॅकिंगची तारीख दुकानातच वाचा. तुम्ही बघून काफ स्टार्टरच आणलंत ते छान. वाटून घेताना शेजाऱ्यांनाही सांगा, मोठ्या जनावरांच्या काही पेंडीत युरिया असतो, तो एवढ्या लहान पोटाला चालत नाही.