शेततळ्यातील माशांना घरचे खाद्य: प्रमाण चुकते की पद्धत?

प्रश्न (सिन्नर, जि. नाशिक)
आमच्या प्लॅस्टिकचे अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात रोहू, कटला आणि मृगळ यांची सुमारे एक हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली आहे. विकतचे गोळीखाद्य परवडत नसल्यामुळे शेंगदाणा पेंड आणि तांदळाचा कोंडा समप्रमाणात मिसळून ती भुकटी मी रोज सकाळी काठावरून पसरतो. परंतु चार महिने उलटूनही मासे शंभर ग्रॅमच्या पुढे गेलेले नाहीत, आणि आठवडाभरापासून पाण्याला आंबूस वास येतो आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (भंडारा)
आपले प्रमाण योग्य आहे. पेंडीत साधारण ४० ते ४५ टक्के आणि चांगल्या कोंड्यात १२ ते १४ टक्के प्रथिने असतात, म्हणजे निम्मे-निम्मे मिश्रण २६ ते २९ टक्क्यांवर जाते, आणि वाढत्या रोहू-कटल्याला तेवढे पुरते. मात्र कोंडा चिमटीत धरून पाहावा: मऊ व तेलकट लागला तर उत्तम, खरखरीत लागून टोचला तर त्यात तूस आहे, ज्याने माशाचे पोट भरते पण अंग भरत नाही. शिवाय आमच्याकडील मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातील) तलावांत तळाच्या गाळामुळे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि किडे आपोआप मिळतात, तसे प्लॅस्टिकवर मिळत नाहीत. म्हणून शंभर किलो खाद्यात एक किलो खनिज मिश्रण अवश्य घालावे.

उत्तर (इंदापूर, जि. पुणे)
माझ्या मते दोष पद्धतीत आहे. कोरडी भुकटी माशाच्या तोंडी लागण्याआधीच विरघळते आणि तळाशी कुजते. पेंड रात्रभर भिजवावी, सकाळी कोंडा घालून घट्ट गोळे मळावेत आणि भोके पाडलेल्या गोणीत भरून बांबूला टांगावेत. मासे त्या भोकांना तोंडे लावून खातात. हजार मासे शंभर ग्रॅमचे म्हणजे शंभर किलो वजन; त्याच्या तीन टक्के, म्हणजे रोज तीन किलो खाद्य दोन वेळांत विभागून द्यावे आणि दोन तासांनी गोणीत उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. सध्या थोडे पाणी बदलावे. ढगाळ हवेत, किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर त्या दिवशी काहीही घालू नये. हे मी सोसून शिकलो आहे: गेल्या श्रावणात सलग झड असतानाही नेहमीइतके खाद्य घातले आणि तिसऱ्या पहाटे काठाशी पांढरी पोटे तरंगताना पाहिली.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पेंडीऐवजी घरचे सोयाबीन भरडून चालेल का?

उत्तर (भंडारा)
कच्चे मुळीच नको; त्यातील एक घटक प्रथिने पचू देत नाही. उकडून किंवा चांगले भाजून, मगच भरडावे. आणि बुरशी धरलेली पेंड उन्हात वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे विष उन्हाने जात नाही आणि माशाच्या यकृताला बाधते.