शेळीच्या रक्तातलं मेटॅलोथायोनिन मोजतोय, पीक (आलेखातलं टोक) रोज वेगळाच येतोय

माळरान:
नमस्कार मंडळी. एमव्हीएससीच्या थीसिससाठी शेळ्यांच्या प्लाझ्मात मेटॅलोथायोनिन (झिंकसारखे धातू धरून ठेवणारं प्रोटीन) मोजतोय, एका गटाला खाद्यातून झिंक दिलंय आणि दुसऱ्याला नाही. शेळीवर एलायझा (अँटिबॉडीवर चालणारी टेस्ट) किट चालेल याची खात्री कुणी देईना म्हणून ब्रदिच्का रिअ‍ॅक्शनच्या मागे लागलो, पाऱ्याच्या थेंबावर व्होल्टेज बदलत करंट मोजून प्रोटीन मोजायची ही पद्धत. म्हणजे कोबाल्ट हेक्झामाइन क्लोराइड, अमोनिया बफर पीएच ९.६, पाऱ्याचा लटकता थेंब, आणि उणे ०.७ पासून उणे १.७५ व्होल्टपर्यंत स्कॅन. प्लाझ्मा डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहापट पातळ करतो, ९९ अंशांना १५ मिनिटं ठेवतो, सेंट्रिफ्यूज करून वरचं घेतो. शेवटचा पीक येतो हो, पण सकाळी एक उंची आणि दुपारी त्याच सॅम्पलची दुसरीच, फ्रीझरमधून काढलेलं तर अर्ध्यावर येतं. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (धातू पकडून रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये घेतलंय. १२ शेळ्या झाल्यात, परत रक्त काढायला मालक तयार होईल असं वाटत नाही. कुठे चुकतंय?

पाराथेंब:
आधी सेलचं, म्हणजे ज्या भांड्यात मोजता त्याचं, तापमान किती आहे ते बघा. तुम्ही मोजताय तो शेवटचा, कॅट२ नावाचा पीक म्हणजे कोबाल्ट आणि प्रोटीनमधल्या थायॉलच्या (गंधकवाल्या गटाच्या) जोडीवर हायड्रोजन सुटतो त्याचा करंट, तापमान जरा हललं की तो हलतो. मेमध्ये दुपारी लॅब किती तापते ते तुम्हाला सांगायला नको, त्यात अमोनिया उडून जातो आणि पीएचही सरकतो. सेलभोवती थंड पाणी फिरवा, या पद्धतीवर काम करणारे ५ अंशांच्या आसपास ठेवतात. दर रीडिंगला ताजं इलेक्ट्रोलाइट घ्या, ऑक्सिजन घालवायला आर्गॉन सोडायचा कंटाळा करू नका. आणि पीक खूप उंच असेल तर सॅम्पल आणखी पातळ करा, वरच्या टोकाला थेंबाचा पृष्ठभाग भरतो आणि प्रमाण-उंचीची सरळ रेघ वाकते. सांडलेला पारा सिंकमध्ये अजिबात घालू नका, बंद बाटलीत पाण्याखाली साठवा, एवढं मनापासून सांगतो.

गोठ्यातला_डॉक्टर:
ईडीटीएनेच घोळ केलाय. तो कोबाल्ट पकडतो, मग पीक कुठून येणार. हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब घ्या. आणि प्लाझ्मा गुलाबी दिसला तर ते सॅम्पल बाजूला ठेवा, लाल पेशींत प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त झिंक असतं, मेटॅलोथायोनिनही असतं, सगळं बाहेर येतं.

पाराथेंब:
डॉक्टर, ट्यूब बदलायला हवी हे बरोबर पण कारण वेगळं आहे. रक्तात ईडीटीए ४-५ मिलिमोलर धरा, दहापट पातळ केलं आणि २ मिली सेलमध्ये ५ मायक्रोलिटर टाकलं तर जेमतेम १ मायक्रोमोलर उरतो, कोबाल्ट असतं १ मिलिमोलर, म्हणजे पीक मारण्याइतकं काही नाही. खरं नुकसान ट्यूबमध्येच होतं, तो प्रोटीनमधलं झिंक ओढतो, उघड्या पडलेल्या थायॉलना ऑक्सिजन गाठतो. फ्रीझरवालं अर्ध्यावर यायचं कारण मला तेच वाटतंय. मोजायच्या आधी टीसीईपी (थायॉल परत मोकळे करणारं रसायन) घालून बघा.

आजीची_लॅब:
माझं लक्ष डिस्टिल्ड वॉटरवर अडलं. मीठ नसेल तर अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रोटीन) उकळूनही नीट गोठून खाली बसत नाही, आणि एका अल्ब्युमिनमध्ये ३५ सिस्टीन (गंधकवाली अमिनो आम्लं) असतात, तेही याच जागी करंट देतं. ही रिअ‍ॅक्शन १९३० च्या दशकात प्रागला ब्रदिच्काने कॅन्सरच्या सीरम टेस्टसाठी वापरली होती, तेव्हा सीरममधल्या सगळ्या प्रोटीनचाच सिग्नल होता तो. फॉस्फेट बफरमध्ये पातळ करा. मग वरचं पाणी २८० नॅनोमीटरला बघा, मेटॅलोथायोनिनमध्ये तिथे प्रकाश शोषणारी अमिनो आम्लं, ट्रिप्टोफॅन-टायरोसिन, नसतातच, त्यामुळे तिथे जे दिसेल ते दुसरं काहीतरी आहे. अजून एक, पकडापकडीत घाबरलेल्या शेळीचं कॉर्टिसॉलही हे प्रोटीन वाढवतं, दोन्ही गटांचं रक्त एकाच वेळी, एकाच माणसाने काढलंय ना?

माळरान:
सर्वांचे आभार. ताई, सकाळी झिंकवाला गट आणि दुपारी दुसरा असं काढलं होतं, हे डोक्यातच आलं नाही. आज बफरमध्ये पातळ करून, सेल बर्फाच्या पाण्यात ठेवून एकच सॅम्पल पाच वेळा चालवलं, पाचही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. २८० ला पूर्वीच्या वरच्या पाण्यात भरपूर दिसलं, बफरवाल्यात फार थोडं. मालकांशी बोललो, तीन शेळ्यांना हो म्हणाले. सोमवारी त्यांचं रक्त जांभळ्या आणि हिरव्या दोन्ही ट्यूबमध्ये घेतो आणि त्याच दिवशी मोजून इथे टाकतो.