छोट्या टेक कंपन्या गिळायला द्यायच्या का?

पाऊलवाट:
फेसबुकने २०१२ साली इन्स्टाग्राम घ्यायचं ठरवलं तेव्हा तिथे १३ माणसं होती आणि कमाई काहीच नव्हती. तरी १ अब्ज डॉलर मोजायची तयारी! झुकरबर्गने २००८ मध्येच एका ईमेलमध्ये लिहिलं होतं, की स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं. अशा सौद्यांत खरेदी होते ती उद्याच्या प्रतिस्पर्ध्याची. सरकारांनी ते अडवायलाच हवेत.

हिशेबी:
साफ असहमत. गूगलने २००६ मध्ये १.६५ अब्ज डॉलरला यूट्यूब घेतलं आणि पुढच्याच वर्षी व्हायाकॉम या अमेरिकी मनोरंजन कंपनीने कॉपीराइटवरून १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. यूट्यूब एकटं असतं तर वकिलांची फी भरता भरताच संपलं असतं. शिवाय नव्या कंपनीत पैसे घालणाऱ्याला ते कधीतरी परत हवे असतात. विक्रीचा रस्ता बंद केलात तर सुरुवातीला पैसे देणार कोण?

पाऊलवाट:
यूट्यूबचं मान्य. पण व्हॉट्सॲप बघा. २०१४ चा सौदा तपासला जात असताना फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितलं, की दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीने जुळवता येणार नाहीत. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने अटी बदलल्या आणि तीच जुळवणी शक्य झाली. आयोगाने ११ कोटी युरो दंड केला, सौदा मात्र कायम. १९ अब्ज डॉलरच्या खरेदीत एवढा दंड कोणाला टोचतो?

जुनाजाणता:
तुम्ही दोघंही घेणाऱ्याला फार हुशार समजताय. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसाय ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी ७.६ अब्ज डॉलर बुडीत धरले आणि ७,८०० नोकऱ्या कापायचं जाहीर केलं. निर्णय वरच्यांचा, घरी बसले ते राबणारे. याबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो.

हिशेबी:
नोकरकपात वाईटच. पण नोकियाचे फोन आधीपासूनच मार खात होते. आणि इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपच्या खरेदीवरून सरकारने भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीच्या, बाजूने निकाल दिलाय. समोर टिकटॉक आणि यूट्यूब असताना मक्तेदारी कसली?

पाऊलवाट:
तो निकाल आजच्या बाजाराबद्दल आहे. मधल्या वर्षांत जी स्पर्धा झालीच नाही, तिची भरपाई कोण करणार? आणि विक्री अडली म्हणून कंपनी मरत नाही. फोटोशॉपवाल्या अडोबीचा फिग्मा या डिझाइन-सॉफ्टवेअर कंपनीशी ठरलेला २० अब्ज डॉलरचा सौदा युरोप-ब्रिटनच्या नियामकांमुळे २०२३ मध्ये मोडला. सौदा मोडल्यामुळे अडोबीला १ अब्ज डॉलर फिग्माला द्यावे लागले, आणि फिग्मा २०२५ मध्ये स्वतःच्या बळावर शेअर बाजारात उतरली.

हिशेबी:
फिग्मा तोवर चांगली मोठी झाली होती हो. ज्यांच्याकडे पुढच्या सहा महिन्यांचे पगार नसतात आणि दारात एकच गिऱ्हाईक उभं असतं, त्यांनी काय करायचं ते सांगा.