अनुभव धागा: सर्व्हर सिंगल युजरमध्ये अडकला तेव्हा

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट ये-जा करते आणि कुणाचा तरी सर्व्हर सिंगल युजरमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरता उघडून, काळ्या पडद्यावर रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड मागत थांबतो. "ओएस उडाली, नवीन टाका" असं सांगणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांचं न ऐकता मशीन कसं उठवलंत, ते लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, कुठलेही चालतील.

उद्यमबागवाला: फाउंड्रीत रविवारी साफसफाई झाली आणि सोमवारी सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये (हाही तसाच दुरुस्तीचा मोड). सुपरवायझरचा फोन, "बघा की ओ, मशीन काय करूलालंय!" पडद्यावर आधी दीड मिनिटाचा काउंटडाउन, मग 'डिपेंडन्सी फेल्ड'. जर्नलसीटीएलने सिस्टमच्या नोंदी वाचल्यावर उलगडा झाला. बॅकअपची यूएसबी डिस्क कुणीतरी काढून कपाटात ठेवलेली, एफएसटॅबमध्ये (चालू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) तिची ओळ मात्र तशीच. सिस्टमडी, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, ९० सेकंद वाट बघतो आणि बूट सोडून देतो. रूट (इथं मुख्य फाइल सिस्टम) रीड-ओन्ली होतं म्हणून आधी रीड-राइट रीमाउंट केलं, म्हणजे लिहिता येईल असं पुन्हा जोडलं, मग त्या ओळीत 'नोफेल' घातलं, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही. रीबूट केल्यावर सरळ लॉगिन.

निपाणीकर काका: नव्वदच्या दशकात आमच्या सोसायटीत एससीओ युनिक्स ही ओएस होती. कंट्रोल-डी दाबा, नाहीतर रूट पासवर्ड द्या, एवढंच ते विचारायचं. घाईचा कॅशियर कंट्रोल-डी दाबून पुढे जायचा. मी आत शिरून एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टम तपासणारी कमांड, चालवायचो. गिऱ्हाईक खोळंबायचं, पण खातेवही शाबूत राहायची.

खानापूर_पाऊस: मशीन बरेच दिवस बंद राहिलं, बोर्डावरचा सेल संपला, घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं. मग एफएससीके म्हणतं, शेवटचा माउंट भविष्यातला आहे, आणि अडून बसतं. डिस्कला काहीच झालेलं नसतं! बायोसमध्ये तारीख नीट करा, सीआर२०३२ सेल बदला.

उद्यमबागवाला: काका, डिस्कवर एक्सएफएस प्रकारची फाइल सिस्टम असेल तर एफएससीके काहीच न करता परत येतं, लोक फसतात. तिथं एक्सएफएस-रिपेअर, तेही अनमाउंट करून (डिस्क सिस्टममधून सोडवून).

चिकोडी_नवखा: माझ्या उबुंटू लिनक्सवर 'रूट अकाउंट लॉक्ड' येतंय. पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता. आता?

निपाणीकर काका: मशीन चालू होताना ग्रबचा (ओएस सुरू करणाऱ्या बूटलोडरचा) मेनू येतो, त्यात 'ई' दाब. लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' लिही, एफ१० दाब. रूट रीमाउंट करून पासवर्ड ठेव.

चिकोडी_नवखा: झालं काका! पण मग असं कुणीही आत शिरेल की?

निपाणीकर काका: शिरेल. ग्रबला पासवर्ड टाक आणि खोलीची किल्ली शिपायाकडे ठेवू नको.