स्वादुपिंड पूर्ण काढल्यावर शुगर कशी सांभाळायची? रात्री ५८, सकाळी ३१०

कोपरखैरणेची_सून

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६४. दिवाळीनंतर त्यांचं ऑपरेशन झालं, स्वादुपिंडात गाठ होती, सर्जननी अख्खं स्वादुपिंडच काढलं, सोबत प्लीहा पण. गाठीचे रिपोर्ट बरे आलेत देवाच्या कृपेने, पण शुगरने घर हैराण झालंय. आधी त्यांना शुगर कधीच नव्हती. आता रात्री एक लांब चालणारं इन्सुलिन आणि तीनदा जेवणाआधी छोटं.

परवा रात्री घामाने भिजून उठले, काहीतरी असंबद्ध बोलत होते, मशीनवर ५८. सासूबाई घाबरल्या, साखरपाणी दिलं, मग बिस्किटं, मग दूधभात, मग परत साखर. सकाळी ३१०! हे अधूनमधून चालूच आहे. आता घरात जितकी माणसं तितकी मतं, शेजारच्या काकू म्हणतात भात बंद करा, आत्येसासूबाई कारल्याचा रस घेऊन येतात, आणि फॅमिली डॉक्टर म्हणाले लो होते ना मग रात्रीचं इन्सुलिन देऊच नका. वजन पण उतरतंय, शौचाला तेलकट आणि खूप वास. जेवणाबरोबर क्रेऑनच्या, म्हणजे अन्न पचवायच्या, कॅप्सूल दिल्यात पण महाग पडतात म्हणून अण्णा दोन्ही जेवणांना एकेकच घेतात, नाश्त्याला नाही. मोठ्या हॉस्पिटलची पुढची तारीख लांब आहे. कुणाच्या घरात असं आहे का? एवढी वरखाली का होते? आणि त्यांना एकट्याने लोकलने जाऊ द्यावं का, ते ऐकत नाहीत.

चरईकर

ताई, मी स्वतः त्यातलाच. ठाण्यात राहतो, माझंही पूर्ण काढलंय, काही वर्षं झाली, तुर्भ्याला नोकरीला जातो रोज ट्रान्सहार्बरने. डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेवढं धरून वाचा.

सगळ्यात आधी, अण्णांची शुगर म्हणजे शेजारच्या काकूंची शुगर नव्हे. त्यांच्याकडे इन्सुलिन कमी पडतं किंवा नीट लागू होत नाही, अण्णांकडे बनतच नाही. आणि एवढंच असतं तरी चाललं असतं. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तसंच ग्लुकॅगॉन पण बनवतं, ते शुगर खाली जायला लागली की लिव्हरमधून साखर बाहेर काढायला लावतं. म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर पण गेला आणि ब्रेक पण. म्हणून आपल्यासारख्यांची शुगर घसरली की घसरतच जाते, आणि एखाद दोन युनिट जास्त झालं तरी दणका बसतो. फाईलवर टाईप ३सी डायबेटिस असं काही लिहिलं असेल तर ते हेच, स्वादुपिंड गेल्यामुळे झालेली शुगर. गंमत म्हणजे मधुमेहाचा आणि स्वादुपिंडाचा संबंध मुळात कळला तोच असा, १८८९ मध्ये जर्मन डॉक्टरांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर सापडली. अण्णांना सांगा, शास्त्रात आपली जुनी ओळख आहे.

आता ती ३१० कुठून आली. सासूबाईंना अजिबात बोलू नका, रात्री माणूस बरळायला लागलं की कुणीही हाताला लागेल ते भरवतं. पण सकाळची शुगर बहुतेक त्या भरवण्याचीच आहे. बघा, ५८ ला लागतात साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे ग्लुकोज पावडर चहाचे तीन चमचे पाण्यात, बास. पंधरा मिनिटं थांबायचं, परत बोट टोचायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. ती पंधरा मिनिटं फार अवघड जातात, पण थांबायचं. बिस्किटं आणि भात यांनी त्या क्षणी काही होत नाही कारण पीठ पचवायचं रसायन पण मुख्यतः स्वादुपिंडातूनच यायचं आणि ते आता नाही. ते सगळं पोटात पडून राहतं आणि पहाटे एकदम चढतं. ग्लुकोजला पचवावंच लागत नाही, सरळ रक्तात. साखरपाणी पण चालतं, पण डबा ग्लुकोजचा ठेवा, उशाशी, चमच्यासकट. शुगर वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर काहीतरी थोडं खायला द्या, त्याबरोबर कॅप्सूल. आणि शुद्ध नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. सरळ १०८.

रात्रीचं इन्सुलिन देऊच नका हे मात्र मला अजिबात पटलं नाही. आपल्याकडे शरीराचं स्वतःचं शून्य आहे, तो एक डोस पूर्ण बंद केला तर शुगर चढते, किटोन म्हणजे रक्त आंबट करणारे पदार्थ तयार होतात, उलट्या, धाप, आयसीयू. न जेवता झोपले तरी ते लागतं. रात्री सारखी लो होतेय म्हणजे डोस कमी करायची गरज असू शकते, पण किती ते तुमचे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे शुगरचे स्पेशालिस्ट, सांगतील, आणि त्यासाठी तारखेपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करा, वॉर्डच्या नर्सलाच लावा हवं तर. रात्री ५८ सारखी येते असं सांगितलंत तर कुणी नाही म्हणणार नाही.

वाशी_सेक्टर_१७

माझ्या मामांना कारलं आणि मेथीदाण्याने चांगला फरक पडला होता. इन्सुलिन सुटलंच. सहज सांगतोय.

चरईकर

दादा, मामांचं स्वादुपिंड जागेवर होतं. इथे नाहीये, कारलं कुणाला कामाला लावणार?

औषधवाला_ऐरोली

माझं मेडिकल आहे. वरचं सगळं बरोबर आहे, मी दोन गोष्टी घालतो ज्या कुणी सांगत नाही.

पेनचं इन्सुलिन आणि बाटलीचं इन्सुलिन हे एकसारखं नसतं. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या ४० ताकदीच्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, येतात आणि त्यांची लाल टोपीची सिरिंज असते, पेनची कार्ट्रिज १०० ची. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं की १० च्या खुणेपर्यंत भरलेलं प्रत्यक्षात २५ युनिट असतं. अडीच पट! अण्णांसारख्या माणसाला ते झेपायचं नाही. १०० वाल्याला नारिंगी टोपी. घरात दोन्ही प्रकारच्या सिरिंजा ठेवूच नका, आणि एक जादा पेन घेऊन ठेवा.

दुसरं उन्हाळा. न उघडलेलं फ्रीजमध्ये, फ्रीझरला चिकटून नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. वापरातलं ३० डिग्रीच्या खाली चार आठवडे साधारण चालतं, काहींचं जास्त, खोक्यावर बघा. पण एप्रिल मे मध्ये पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या घरात कुठे असतं ३०? तेव्हा माठाशेजारी गार जागेत ठेवा, किंवा गार ठेवायचे पाऊच मिळतात. उभ्या केलेल्या गाडीत तर अर्धा तास पण नको. शुगर विनाकारण चढायला लागली तर आधी पेन बदलून बघा, मग डोसकडे जा. आणि रोज एकाच जागी टोचत असतील तर तिथे गुठळी होते आणि इन्सुलिन कधी लागतं कधी नाही. हात फिरवून बघा पोटावर.

कॅप्सूलबद्दल ताई, पैसे वाचवायची जागा ती नाही हो. पण तिथे चरईकरच बोलतील.

कोपरखैरणेची_सून

बापरे, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. पोटावर डाव्या बाजूला खरंच टणक लागतंय, रोज तिथेच टोचतात कारण उजवीकडे टाके आहेत. हॉस्पिटलला फोन केला, त्यांनी रात्रीचा डोस कमी करून दिला आणि पुढच्या आठवड्यातच बोलावलंय. कॅप्सूलचं सांगा ना प्लीज. आणि अजून एक, आषाढी एकादशी येतेय, अण्णा दरवर्षी करतात, यंदा पण करणार म्हणतात. काय करू?

घोडबंदर_ताई

माझ्या आईचं व्हिपल ऑपरेशन झालंय, म्हणजे तिचं थोडं स्वादुपिंड शिल्लक आहे, त्यामुळे तुमच्याइतकं नाही पण चढउतार आहेतच. तिचं पोट फार हळू रिकामं होतं, म्हणून इन्सुलिन घेऊन बसली आणि जेवण दोन घासांत थांबलं की लो. डॉक्टरांनी तिला जेवण झाल्यावर, खाल्लं असेल तेवढ्याचं घ्यायला सांगितलं. हे विचारून बघा, सगळ्यांना नाही चालत. आम्ही दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर लावला, चौदा दिवस चालतो, खर्चिक आहे पण रात्रीचा अलार्म येतो म्हणून मला झोप मिळते. फक्त तो आकडा थोडा मागे असतो आणि त्या हातावर दाबून झोपलं की उगाच लो दाखवतो, म्हणून ग्लुकोज द्यायच्या आधी शक्य असेल तर बोट टोचून बघतो. आणि तापाचं लक्षात ठेवा! प्लीहा काढलीय ना, न्यूमोनिया, मेंदूज्वर यांच्या लसी झाल्यात का फाईलमध्ये बघा, आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, क्रोसिन देऊन वाट बघायची नाही.

चरईकर

कॅप्सूल सांगतो. ती जेवण पचवते, म्हणून ती चुकली की इन्सुलिनचा हिशोब पण चुकतो. अण्णांनी चार पोळ्यांचं इन्सुलिन घेतलं आणि दोन पोळ्याच अंगी लागल्या, बाकीचं तेलकट होऊन बाहेर, मग शुगर पडणारच. तुमची रात्रीची लो कदाचित इथूनही येत असेल. मोठ्या जेवणाला सहसा ४० ते ५० हजार युनिट आणि नाश्त्याला, खाऊला २० ते २५ हजार देतात. तुमच्याकडची १० हजारची आहे का २५ हजारची ते डबीवर बघा. १० हजारची एकेक घेत असतील तर ती घेतली न घेतली सारखीच. पहिल्या घासाबरोबर, जास्त असतील तर एक मधे, जेवल्यानंतर आठवण आली म्हणून शेवटी नाही. चावायची नाही, गरम आमटीत टाकायची नाही. कोऱ्या चहाला, सफरचंदाला लागत नाही, दूध पेलाभर, चहाबरोबर खारी, वडापाव, सगळ्याला लागते. तेलतूप कमी करू नका, कॅप्सूल वाढवा, वजन तसंच येतं. पण हे वाढवायच्या आधी इन्सुलिनवाल्या डॉक्टरांना सांगून, कारण जेवण नीट पचायला लागलं की शुगर वर जाते आणि घरचे घाबरतात. विटामिन डी, बी१२ पण तपासून घ्या एकदा.

लोकल: जाऊ द्या. ग्लुकोज शर्टाच्या खिशात, बॅगेत नाही, बॅग वर रॅकवर असते आणि हात पोचेपर्यंत उशीर होतो. निघायच्या आधी बोट टोचायचं. खिशात चिठ्ठी, इन्सुलिनवर आहे, स्वादुपिंड काढलंय, घरचा नंबर. नाहीतर लो झालेला माणूस अडखळतो आणि लोकांना वाटतं दारू प्यालाय, मला एकदा घणसोलीला एका काकूंनी शिव्या घालून मग लिमलेटची गोळी दिली होती.

एकादशी. निर्जळी नकोच. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ, खिचडीची ताटली भाताच्या ताटलीइतकी किंवा जास्तच शुगर चढवते, वर दाणे आणि तूप, म्हणजे कॅप्सूल पूर्ण. खाणार असतील तर नेहमीच्या जेवणासारखं मोजून इन्सुलिन घ्यायचं. नाही खाल्लं तर जेवणाचं छोटं इन्सुलिन नाही, रात्रीचं लांबवालं चालूच, ते थोडं कमी करायचं का ते पुढच्या आठवड्यात जाताय तेव्हा विचारा. त्या दिवशी दर दोन तीन तासांनी बोट टोचायचं, आणि लो आली की उपास तिथेच मोडायचा, अण्णांना आधीच कबूल करून घ्या. मी भगर करतो, दह्याबरोबर, दोन कॅप्सूल. वरीचे तांदूळ पण तांदळासारखेच मोजतो, उपासाचे आहेत म्हणून सूट नाही.