स्क्रिप्टिंग भाषेत कॉमेंटसाठी # घेऊ, // घेऊ की --?

अर्धा_कंस
मंडळी, गेले दोन महिने रिकाम्या वेळात एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा लिहितोय, फाइली हलवणं, नावं बदलणं, लॉग चाळणं असल्या किरकोळ कामांसाठी. लेक्सर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) झालाय, पार्सर (त्या शब्दांची रचना लावणारा) निम्मा झालाय आणि गाडी अडलीये कुठे, तर कॉमेंटवर, म्हणजे कोडमधली संगणकाने सोडून द्यायची टीप कुठल्या चिन्हाने सुरू करायची यावर. हसू नका. हाताला // ची सवय म्हणून तेच ठेवलं होतं, मग पायथॉनसारखा // ने पूर्णांक भागाकारपण हवासा वाटला, झालं भांडण. # घेतलं तर लिस्टची लांबी काढायला लुआ भाषेसारखं # वापरायचं ठरवलंय त्याच्यावर पाणी सोडावं लागेल. -- घेतलं आणि कोणी ५--३ लिहिलं की पुढचं सगळं कॉमेंट. आणि अनेक ओळींच्या कॉमेंटला /* */ ठेवायचं का हा वेगळाच घोळ. तुम्ही काय केलं असतं?

जुना_पार्सर
# घ्या आणि मोकळे व्हा. स्क्रिप्ट म्हटली की कोणीतरी ती थेट चालवायला बघणारच, म्हणजे शीबँग (#! ने सुरू होणारी पहिली ओळ) आलं. फाइलचे पहिले दोन बाइट #! दिसले की ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल पुढे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सुरू करतो, पण तो इंटरप्रिटर फाइल परत पहिल्या ओळीपासूनच वाचतो ना, मग # ही कॉमेंट असेल तर ती ओळ फुकटात गिळली जाते. नसेल तर जास्तीची सोय करत बसा. लुआत कॉमेंट -- ने आहे म्हणून तिथे पहिली ओळ # ने सुरू झाली तर सोडून द्यायची असा खास नियम आहे, आणि जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्ये ही ओळ यायला २०२३ उजाडलं, नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आधीपासून चालवून घ्यायचं ते सोडा.

एक चिन्ह कॉमेंटला दिलं की ते कायमचं गेलं हे तुम्हाला कळलंयच. लुआने // अडवलं नव्हतं म्हणून तर ५.३ मध्ये ते भागाकाराला देता आलं. लांबीसाठी फंक्शन लिहा, काही बिघडत नाही.

पण खरा मुद्दा वेगळाय. तुमची भाषा फाइलींची आहे, म्हणजे स्क्रिप्टमध्ये पाथ (फाइलींचे पत्ते) येणार, युआरएल येणार. अवतरणचिन्हाशिवाय पाथ लिहू देणार असाल तर // आणि /* दोन्ही विसरा, कारण "या फोल्डरमधलं सगळं" म्हणायला लोक /* च लिहितात आणि युआरएलमध्ये // असतंच. # ला पण शेलसारखी (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम) अट घाला, शब्दाच्या सुरुवातीला आलं तरच कॉमेंट. शेलमध्ये क#ख लिहिलं तर तो एक अख्खा शब्दच राहतो.

रात्रपाळी
# ठीक आहे पण ब्लॉक कॉमेंट, म्हणजे /* */ वाली, हवीच राव. चाळीस ओळी तात्पुरत्या बंद करायच्या असतील तर काय प्रत्येक ओळीला # लावत बसायचं? फक्त सी भाषेसारखी नको, तिथे आतली */ आली की बाहेरचीपण संपते. रस्ट, स्विफ्ट, कोटलिनमध्ये एकात एक बसते तशी करा, लेक्सरमध्ये एक काउंटर लागतो फक्त.

जुना_पार्सर
@रात्रपाळी काउंटरने निम्मंच काम होतं. कॉमेंटच्या आत लेक्सरला स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) कळत नाहीत. मी एकदा सीचा एक तुकडा बंद केला, त्यात "लॉग/*/जुने" असा पॅटर्न होता, त्यातल्या */ ने कॉमेंट तिथेच संपली आणि खाली एररचा ढीग, निम्मी संध्याकाळ मी कंस मोजत बसलो. असं एकात एक नेस्टिंग असतं तर हा पॅटर्न वाचला असता कारण /* आणि */ मधला तारा एकच, आधी उघडणारं धरलं जातं, मग उरतो नुसता / पण मग शेवटची खरी */ कमी पडली असती आणि फाइल संपेपर्यंत सगळं कॉमेंट. म्हणजे उलटंच मरण. झिग भाषेने ब्लॉक कॉमेंट ठेवलीच नाही, मागचं काही न बघता कुठलीही ओळ सुटी वाचता येते. चाळीस ओळींना # लावायला एडिटर आहे की.

रात्रपाळी
एडिटरचं मान्य. सर्व्हरवर रात्री दोनला साध्या एडिटरमध्ये बसलो की मग बोलू 😄

नुसताच_वाचक
टीसीएल भाषेचा किस्सा कोणी काढला नाही अजून. तिथे # कॉमेंट असते पण कमांड जिथे सुरू होऊ शकते तिथेच, आणि महिरपी कंसातला मजकूर गोळा करताना कॉमेंट आहे का नाही हे बघितलंच जात नाही, नुसते कंस मोजतात. म्हणजे कॉमेंटमध्ये एक { जास्त पडला की अख्खं प्रोसीजर मोडतं. तेव्हा कॉमेंट लेक्सरमध्येच काढून टाका, पार्सरपर्यंत जाऊच देऊ नका.

आणि पीएचपी बघा, #, // आणि /* */ तिन्ही चालायचं, मग २०२० मध्ये ८.० ला ॲट्रिब्यूटसाठी (कोडला जोडायची जास्तीची माहिती) #[ लागलं आणि #[ ने सुरू होणाऱ्या जुन्या कॉमेंट एका रात्रीत कोड झाल्या. एकच प्रकार ठेवा.

अर्धा_कंस
धन्यवाद सगळ्यांना. # घेतलं, शब्दाच्या सुरुवातीची अट घातली, ब्लॉक सध्या नाही, // भागाकाराला दिलं. शीबँग पहिल्याच फटक्यात चाललं. आता # ने सुरू होणारी नावं असलेल्या काही फाइली निघाल्यात, त्या एडिटरनेच अर्धवट सेव्ह करून ठेवलेल्या, त्यांना अवतरणात घाला म्हणून एरर मेसेज लिहायला गेलो तर लक्षात आलं, लेक्सरने ती कॉमेंट समजून टाकलीच, मग एरर देणार कोण?